मोटारीचे अंतरंग : लेखांक ७ – न लागलेला तांबडा दिवा

गेल्या लेखांकात आपण बॅटरीच्या सहा घरांची आणि त्यांतील शिशाच्या पट्ट्यांची ओळख करून घेतली. आज त्या खजिन्यात नित्य भरणा करणाऱ्या आल्टरनेटरकडे वळावयाचे आहे, आणि ते वळण मी माझ्याच एका फजितीवरून घेणार आहे.

गुदस्ता आषाढात, जुन्या पेट्रोल मोटारीने मुंबईहून कळंबला येत असता, नेरळ मागे पडल्यावर माझ्या ध्यानात आले की टाकी अर्धी भरलेली असूनही पेट्रोलचा काटा शून्यावर निजला आहे, आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटाही त्याच्या शेजारी तसाच आडवा झाला आहे. वेगाचा काटा मात्र इमानाने हलत होता. पावसामुळे मोठे दिवे सबंध वाटभर लावलेले होते, म्हणजे केवळ त्यांच्यापायीच सुमारे नऊ अँपिअरचा खर्च अखंड चालू होता. पण भरणा थांबल्याची वर्दी देणारा तांबडा दिवा विझलेला, म्हणून मी निर्धास्त. कळंब येईतो समोरचा उजेड चिमणीसारखा पिवळा पडला, आणि सकाळी किल्ली फिरविली तेव्हा स्टार्टरने 'कट्' एवढाच उद्गार काढला.

बॅटरी संपली, असा एका दुकानदाराने तत्काळ फैसला दिला आणि मी नवी विकत घेतली. ती दोन दिवसांत उतरली. तेव्हा दुसऱ्या एका जाणत्याने आल्टरनेटर बदलण्याची सूचना केली, आणि काट्यांचे काय, असे विचारता 'तो निराळा मामला' असे सांगितले. एकाच रात्री उद्भवलेल्या दोन तक्रारींचा तपास दोन निरनिराळ्या दफ्तरांत चालवावा, हे मला त्याही वेळी रुचले नव्हते. परंतु रुचत नाही एवढ्यावरून कारण सापडत नसते.

ते सापडले गावातल्या एका तरुण वायरमनला. त्याने इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवावयास सांगितली, काट्यांकडे पाहिले, आणि म्हणाला, "साहेब, लाल दिवा लागलाच नाय, तर इझला कसा म्हनायचा?"

या प्रश्नात सारे शास्त्र आहे. आल्टरनेटरच्या फिरत्या भागात कायमचा लोहचुंबक नसतो, तारेचे वेटोळे असते. त्यात थोडा प्रवाह सोडावा तेव्हा ते चुंबक बनते, आणि मगच भोवतालच्या तीन वेटोळ्यांत वीज उपजते. म्हणजे वीज निर्माण करावयासही आधी वीज लागते. ठोकरवाडीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीवरून उतरवून १९२२ पासून वीज करणारे भिवपुरीचे केंद्र आपल्याच कर्जत तालुक्यात आहे. तशा अवाढव्य जनित्रांच्या चुंबकांनाही हे बीजभांडवल पुरवावेच लागते. बहुतेक जुन्या मोटारींत हा आरंभीचा प्रवाह बॅटरीतून किल्लीकडे, तेथून फ्यूजमार्गे तांबड्या दिव्यात, आणि दिव्यातून कार्बनच्या ठोकळ्यांवाटे त्या वेटोळ्यात जातो. भरणा सुरू झाला की दिव्याच्या दोन्ही टोकांशी दाब समान होतो आणि तो विझतो. सबब, किल्ली फिरविल्यावर हा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. तो न लागणे ही मालकाला वाटते तशी खुशाली नव्हे. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट मोटारीत आल्टरनेटर बसविला, तत्पूर्वीच्या डायनॅमोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व मुरून राहत असे आणि त्यावर तो आपला आपण जागा होई; आल्टरनेटरला हा आधार पुरेलच असे नाही.

आता काट्यांकडे. पेट्रोलचा काटा टाकीतल्या तरंगत्या गोळ्याच्या सांगण्यावरून हलतो, उष्णतेचा काटा इंजिनात बसविलेल्या संवेदकाच्या. एकच पडला तर त्याच्या खबऱ्याची जबानी घ्यावी, पण दोन्ही एकदम पडले तर दोघांना रसद पोचविणारी सामाईक तार, फ्यूज किंवा अर्थिंग पाहावे. वेगाचा काटा जुन्या गाडीत गिअरबॉक्सकडून आलेल्या फिरत्या केबलवर चालतो, त्याला विजेचे देणेघेणे नाही, म्हणून तो बचावला. माझ्या मोटारीत तांबडा दिवा आणि दोन्ही काटे एकाच फ्यूजचे आश्रित होते. (वळण्याची इशारत देणारे दिवेही त्याच फ्यूजवर असल्याचे मागाहून कळले, ते बंद असल्याचे तीन दिवसांत मला जाणवले नाही, यावरून माझ्या वाहनशिस्तीचा अंदाज वाचकांनी खुशाल बांधावा.)

तो चिनी मातीचा फ्यूज उडालेलाही नव्हता. काचेच्या कडेने झिरपलेल्या पाण्याने त्याच्या टोकांवर आणि पितळी चिमट्यांवर हिरवा गंज चढला होता, एवढेच. वायरमनने पॉलिश पेपरने चिमटे घासले, नवा फ्यूज बसविला. दिवा लागला, काटे उठले, आणि इंजिन सुरू होताच दिवा विझला. त्यापूर्वी इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांवर मीटर १२.१ व्होल्ट दाखवीत होता, आता १४.१ दाखवू लागला. निरोगी भरण्याचा आकडा बहुधा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असतो.

दिवा लागून विझेनासा झाला, तर मात्र पट्टा, कार्बन आणि रेग्युलेटर यांची क्रमाने झडती घ्यावी. मंद तेवत राहिला तर डायोडवर संशय धरावा. इंजिन चालू असता बॅटरीची तार काढून 'चार्जिंग बघण्याची' जी रीत अद्याप रूढ आहे, तिच्या वाटेस जाऊ नये. दाब एकाएकी उसळून धडधाकट डायोडही जळतात.

जुनी बॅटरी रात्रभर चार्ज करून मी पुन्हा मोटारीत बसविली, ती आजतागायत चालते आहे. नवी परत घेण्यास दुकानदाराने अत्यंत विनयाने नकार दिला. कळंबला वीज गेली की ओटीवरचा दिवा आता तिच्यावर लागतो.