‘घोस्ट टाउन’: ओसाड शहर आवाजात कसं उभं राहिलं

‘द स्पेशल्स’ या बँडचं ‘घोस्ट टाउन’ हे गाणं म्हणजे भाकीतच होतं, असं नेहमी म्हटलं जातं. जुलै 1981 मध्ये ते ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा लंडनमधल्या साउथॉलपासून लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथपर्यंत दंगली पेटल्या होत्या. पण भाकीत म्हटलं की त्यामागचं निरीक्षण आणि मेहनत झाकली जाते. गाण्याचा कर्ता जेरी डॅमर्स ते जवळजवळ वर्षभर घडवत होता. राग त्याच्या मनात होताच. तो राग त्यानं घोषणेत न घालता चालीत, वाद्यांत आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कसा घातला, हे समजून घेण्यासारखं आहे.

हा बँड कॉव्हेंट्रीचा. 1940 च्या जर्मन बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेलं हे शहर युद्धानंतर मोटारींच्या कारखान्यांवर पुन्हा उभं राहिलं. काम होतं म्हणून जमैकाहून माणसं आली, पंजाबातूनही आली. त्यांची मुलं आणि गोऱ्या कामगारांची मुलं एकाच गल्लीत वाढली. डॅमर्सचा जन्म तर आपल्याकडच्या उटीचा. वडील ख्रिस्ती धर्मगुरू. 1979 मध्ये त्यानं ‘टू टोन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिचं चिन्ह काळ्यापांढऱ्या चौकटींचं आणि संगीत जमैकाच्या स्काचं, त्यात इंग्लिश पंकची धार. लिनव्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल हे दोघे जमैकात जन्मलेले, गायक टेरी हॉल आणि बाकीचे गोरे. असा संमिश्र बँड रंगमंचावर येणं, हेच त्या काळात एक राजकीय विधान होतं.

त्याच वर्षी मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. महागाई रोखण्यासाठी व्याजदर 17 टक्क्यांपर्यंत गेले, पौंड वधारला, निर्यात करणारे कारखाने कोसळू लागले. कॉव्हेंट्रीतल्या कॅन्ली इथल्या कारखान्यात 1980 साली ट्रायम्फ गाड्यांची जुळणी थांबली. 1981 च्या उन्हाळ्यात देशातल्या बेकारांची संख्या 25 लाखांच्या पुढे गेली होती.

1980 मध्ये बँड दौऱ्यावर असताना डॅमर्सला हे गावोगाव दिसत होतं. दुकानांना फळ्या ठोकलेल्या, क्लब बंद. ग्लासगोत त्यानं म्हाताऱ्या बायकांना रस्त्यावर घरातल्या कपबश्या विकायला मांडून बसलेलं पाहिलं. त्यात बँडच्याच कार्यक्रमांत वर्णद्वेषी टोळकी घुसून मारामाऱ्या करू लागली. केंब्रिजच्या कार्यक्रमात त्या थांबवायला गेलेल्या डॅमर्स आणि हॉललाच पोलिसांनी चिथावणीच्या आरोपाखाली अटक केली आणि पुढे दोघांना दंड झाला. गोल्डिंगवर लंडनमध्ये वर्णद्वेषातून हल्ला झाला. त्यावर त्यानं लिहिलेलं ‘व्हाय?’ हे गाणं ‘घोस्ट टाउन’च्याच तबकडीच्या मागच्या बाजूला आहे. बंद क्लब, नसलेलं काम, नाचाच्या जागी होणारी हाणामारी हे सगळं गाण्याच्या मोजक्या ओळींत येतं. थॅचरबाईंचं नाव मात्र कुठंच नाही. सत्तेवरच्या माणसाचं नाव घातलं असतं, तर गाणं त्या माणसाबरोबर जुनं झालं असतं, असं मला वाटतं.

एप्रिल 1981 मध्ये लेमिंग्टन स्पा इथल्या एका छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. तिथं आठच ट्रॅक होते, म्हणजे आठ वेगवेगळे आवाजच शेजारी शेजारी साठवता येत. निर्माता जॉन कॉलिन्स हा रेगे या जमैकाच्याच संगीतातला माणूस. सगळ्यांनी एकत्र वाजवायची सवय असलेल्या या बँडकडून त्यानं एकेकाचं वादन वेगळं मुद्रित करून घेतलं. बँडमध्ये तेव्हा एकमेकांशी बोलणंही अवघड झालं होतं. गिटारवादक रॉडी बायर्सनं तर रागाच्या भरात स्टुडिओची भिंत लाथांनी फोडायचा प्रयत्न केला. या वेगवेगळ्या वादनाचा परिणाम मला गाण्यात ऐकू येतो: प्रत्येक वाद्याभोवती हवा आहे, कुणी कुणाच्या अंगावर रेलत नाही.

आता गाणं सुरुवातीपासून ऐकू. आधी सिंथेसायझरवरचा वाऱ्याच्या घोंघाटासारखा आवाज दुरून जवळ येतो. मग ऑर्गन, जुन्या भयपटांत शोभावा असा. स्वरमेळ असे की कान कुठं टेकू शकत नाही. खाली हॉरेस पँटरचा बास आणि जॉन ब्रॅडबरीचे ड्रम रेगेच्या संथ चालीत. ‘एक-आणि-दोन-आणि’ असं मोजलं, तर स्का-रेगेतला ठसका ‘आणि’वर पडतो. वेगवान स्कामध्ये तो नाचायला लावतो. इथं लय उतरवल्यामुळं तोच ठसका रिकाम्या रस्त्यावर पावलं वाजावीत तसा ऐकू येतो. त्यावर ब्रास वाद्यं. ट्राँबोन रिको रॉड्रिग्जचा. किंग्स्टनमध्ये वाढलेला हा वादक स्काच्या जन्मापासूनचा, तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला.

हॉलचा आवाज सपाट आहे. तो कुणाला आर्जव करत नाही, ओरडतही नाही. मध्येच चाल एकदम उजळते: पूर्वीच्या नाचगाण्याच्या दिवसांची आठवण निघते आणि सूर खेळकर होतात. हा भाग अगदी छोटा आहे. कान जरा सैलावतो तोच काळोखी चाल परत येते. गाण्याची खरी कारागिरी मला इथं दिसते. काय हरवलं, हे काही क्षण ऐकवल्याशिवाय ओसाडपणा समजत नाही. त्या ओसाडपणात शब्द संपतात आणि सगळे मिळून नुसता हेल काढत राहतात. शेवटी, जमैकाच्या ‘डब’ पद्धतीनं, एकेक वाद्य गळत जातं.

चित्रफीत बार्नी बबल्सनं केली. बँड एका जुन्या व्हॉक्सहॉल क्रेस्टा गाडीत बसून लंडनमधून फिरतो. त्यातले निर्मनुष्य रस्ते लंडनच्या बँकांच्या भागातले आहेत. सुट्टीच्या दिवशी तिथं चिटपाखरू नसतं, याचा फायदा घेतला होता.

सुरुवातीला सांगितलेल्या दंगलींची कारणं गाण्याच्या बाहेर होती. एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलिसांनी ‘स्वॉम्प 81’ ही मोहीम काढली आणि काही दिवसांत 943 जणांना अडवून झडती घेतली. त्यात कृष्णवर्णीय तरुण मोठ्या संख्येनं होते. तिथं भडका उडाला. 3 जुलैला साउथॉलमध्ये एका संगीत कार्यक्रमाला आलेल्या वर्णद्वेषी टोळक्यांविरुद्ध आशियाई तरुण उभे राहिले. गाणं या सगळ्याच्या आधीपासून आकार घेत होतं, कारण ज्या रस्त्यांवर हे घडलं ते रस्ते डॅमर्सनं आधीच पाहिले होते.

गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पण त्याच यशाच्या दिवसांत, ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमाच्या मुद्रणावेळी, हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग यांनी बँड सोडत असल्याचं डॅमर्सला सांगितलं.

1984 मध्ये डॅमर्सनं नेल्सन मंडेलांच्या सुटकेसाठी गाणं केलं, ते ‘घोस्ट टाउन’च्या अगदी उलट घडवलेलं. चाल आनंदी, आफ्रिकी वळणाची, आणि धृपदात थेट मंडेलांचं नाव. डॅमर्सला स्वतःलाच मंडेलांविषयी 1983 मधल्या लंडनच्या एका कार्यक्रमात कळलं होतं. ब्रिटनमधल्या सामान्य श्रोत्यांपर्यंत ते नाव फारसं पोचलं नव्हतं. तिथं नाव मोठ्यानं उच्चारणं हेच गाण्याचं काम होतं.