गुळगुळीत तोंडाचे काँक्रीटचे ठोकळे व ते पाडण्याचीं यंत्रें

भात झोडून झालें आणि खळीं मोकळीं झालीं, म्हणजे वीटभट्टीवाले बांधावर येऊं लागतात. वसई, भिवंडी, कल्याण, पनवेल ह्या बाजूच्या शेतकऱ्यांस हा अनुभव नवा नाहीं. फूटभर माती उचलूं द्या व रोख पैसे घ्या. शेत थोडें खोल झालें तर पाणी अधिकच धरील, असेंही समजाविण्यांत येतें. ह्या विटांचें मोठें गिऱ्हाईक मुंबई व तिचीं उपनगरें हेंच होय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं एके काळीं साष्टींतील भातखाचरांचीं गांवें होतीं. १९५० व १९५७ सालच्या दोन हद्दवाढींत तीं मुंबई महानगरपालिकेंत आलीं, आणि जेथें भात पिकत होतें तेथें इमल्यांवर इमले चढले. त्या इमल्यांच्या भिंतींत किती गांवांची सुपीक माती भाजून बसविली गेली, ह्याचा विचार आमच्या पाहण्यांत फारसा कोणीं केलेला नाहीं.

आम्हीं एक साधा हिशेब करून पाहिला. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन. तिच्यावरून एक फूट माती काढिली, तर कच्च्या मालाची नासधूस धरून सुमारें बारा हजार विटा होतात. आतां चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद व नऊ फूट उंच भिंतींचा एक गोठा घेऊं. दारें-खिडक्या वजा जातां भिंतीचें क्षेत्र सुमारें ८५ चौरस मीटर भरतें, व विटेच्या लांबीइतकी जाड भिंत धरिल्यास सुमारें साडेआठ हजार विटा लागतात. म्हणजे एका गोठ्यापायीं पाऊण गुंठ्याच्या जवळपास शेताची वरची फूटभर माती गेली. हीच वरची माती सेंद्रिय द्रव्याची व पिकाच्या मुळ्यांची जागा. ती गेल्यावर खालचा मुरूम किंवा चिकण थर पिकाऊ करण्यास किती वर्षें व किती गाड्या शेणखत लागतें, हें ज्यानें एकदां माती विकिली त्यालाच विचारावें. केंद्र सरकारनें १४ सप्टेंबर १९९९ रोजीं काढलेल्या राखेविषयींच्या अधिसूचनेचा एक हेतुही शेतांतील वरच्या मातीचें उत्खनन कमी व्हावें हाच होता.

विटेऐवजीं काँक्रीटचा पोकळ ठोकळा वापरिला तर माती मुळींच लागत नाहीं. ४०० मिलिमीटर लांब, २०० रुंद व २०० उंच अशा सांध्यासह मापाचा एक ठोकळा आठ विटांची जागा भरतो. वरील गोठ्यास मोडतोड धरून असे अकराशें ठोकळे पुरतात. मात्र ह्या ठोकळ्यांविषयीं शेतकऱ्यांत दोन परस्परविरुद्ध ग्रह आहेत. कोणी म्हणतात, तोंड गुळगुळीत असलें म्हणजे ठोकळा पक्का. कोणी म्हणतात, ठोकळ्याची भिंत फुटते व गळते. दोन्ही समज अर्धवट आहेत, व ते दूर होण्यास ठोकळा यंत्रांत कसा पडतो हें पाहिलें पाहिजे.

पोकळ ठोकळ्याच्या यंत्राचें पेटंट अमेरिकेंत हार्मन पामर ह्या गृहस्थानें १९०० सालीं घेतलें. प्रारंभीं लोकांस ठोकळा म्हणजे दगडाची नक्कल वाटे, म्हणून साच्याच्या तोंडास खडबडीत पत्रा बसवून घडीव दगडासारखा मोहरा उठवीत. ज्या अंधेरीस गिल्बर्ट टेकडीसारखा काळ्या कातळाचा उभा सुळका आहे व ज्या उपनगरांच्या डोंगरांत खाणींची वाण कधीं नव्हती, तेथें ही नक्कल कोणास हवी! आपल्याकडे सपाट व गुळगुळीत तोंडच उपयोगाचें.

यंत्राचा मुख्य भाग म्हणजे पोलादी साचा. त्याच्या चार बाजू बंद, तळ व माथा उघडा, आणि मध्यें वरून लोंबणारे दोन किंवा तीन गाभे असतात; ह्यांच्या जागीं ठोकळ्यांत पोकळी राहते. साचा फळीवर अगर सपाट जमिनीवर बसतो. पाभरीच्या चाड्यासारखें, पण मोठें, लोखंडी चाडें वर असतें; त्यांतून ओलसर मिश्रण साच्यांत पडतें. नंतर कंप सुरू होतो. मोटरीच्या दांड्यावर एका बाजूस जड असें वजन बसविलेलें असतें. दांडा मिनिटास सुमारें २,९०० फेरे घेतो, व वजन एकांगी असल्यामुळें सारा साचा थरथरतो. कंपानें कण एकमेकांत सरकून बसतात, हवा निघून जाते, व सिमेंटचें पातळ लुकण साच्याच्या भिंतीकडे सरकतें. तेवढ्यांत वरून धुमस दाबली जाते व उंची ठरते. शेवटीं साचा सरळ वर उचलला जातो आणि ठोकळा जागेवर उभा राहतो.

गुळगुळीतपणाचा सारा खेळ ह्या शेवटच्या उचलण्यांत आहे. साच्याचा पोलादी पत्रा ठोकळ्याच्या ओल्या अंगावरून घासत वर जातो. तोच जणूं गवंड्याची थापी. मिश्रण कोरडें असेल तर तोंड खरवडतें व कडा सांडतात. फार ओलें असेल तर माल साच्यास चिकटतो व ठोकळ्याचें पोट फुगतें. बरोबर ओल असल्यास ताज्या ठोकळ्याच्या अंगावर पाण्याच्या अस्पष्ट शिरा उमटलेल्या दिसतात. मुठीची परीक्षा ह्याहून सोपी आहे. मूठभर माल घट्ट दाबावा. गोळा टिकला, तळहात ओला झाला, पण पाणी ओघळलें नाहीं, म्हणजे माल तयार झाला असें समजावें. कंप देणारा पट्टा सैल झाला तरी फेरे कमी पडून तोंडावर भोकें राहतात, आणि मजूर दोष सिमेंटास देतात.

पूर्वीं आणखी एक जात होती. तींत ठोकळ्याचें तोंड तळाशीं ठेवून प्रथम बारीक वाळू व सिमेंट ह्यांचा श्रीमंत थर पसरीत, वर जाड माल भरीत व मग साचा उलटून उघडीत. तोंड फार सुबक निघे, पण काम सावकाश चाले. शिवाय दोन थर नीट न मिळाल्यास मोहरा सुटून येई. आज सामान्य कामास तिची जरूर नाहीं.

मालांत महत्त्व कणांच्या मिश्रणास आहे. नुसत्या खडीचा ठोकळा चाळणीसारखा होतो. नुसत्या भुकटीचा सुबक दिसतो, परंतु वाळतांना आकसून तडकतो. साधारण तीन हिस्से बारीक कच व दोन हिस्से दहा मिलिमीटरांहून लहान खडी हें प्रमाण आमच्या मतें ठीक. खाणींतील काळ्या दगडाचा कच धुतलेला असल्यास वाळूची गरज थोडीच राहते. खाडीची रेती मात्र गोड्या पाण्यानें धुतल्यावांचून घेऊं नये, व मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेकडील मिठागरांच्या बाजूस विहिरीचें पाणी मचूळ लागलें तर तें मिश्रणांत घालूं नये. अशा ठोकळ्यांस पहिल्याच उन्हाळ्यांत लोणा लागतो, आणि पोकळींत सळई घातली असेल तर ती गंजून भिंत फोडते.

सिमेंट अधिक घातलें म्हणजे ठोकळा अधिक चांगला, ही समजूतही सोडली पाहिजे. भारतीय मानक क्रमांक २१८५ प्रमाणें एक माप सिमेंटास एकत्र खडी-वाळू सहा मापांहून कमी असूं नये, कारण श्रीमंत माल अधिक आकसतो. एकास नऊ ह्या प्रमाणानें एका पोत्यांत सुमारें पंचवीस पोकळ ठोकळे पडतात. म्हणजे आपल्या गोठ्यास चव्वेचाळीस पोतीं लागलीं.

आतां ज्या गोष्टींत सर्वांत अधिक फसवणूक होते ती सांगतों. ठोकळा साच्यांतून निघतांच सुंदर दिसतो. त्याचें बळ मात्र पुढील चौदा दिवसांच्या पाण्यावर अवलंबून असतें. वरील मानकांत चौदा दिवस ओल व त्यानंतर चार आठवडे वाळण सांगितली आहे. आम्हीं एकदां बोरिवलीच्या बाजूस एका कारखानदाराकडून सहाशें ठोकळे घेतले. तोंड आरशासारखें होतें, आणि तें पाहूनच आम्ही भुललों. ते सहाव्या दिवशीं यंत्रावरून निघालेले होते, हें पुढें मजुराच्या बोलण्यांतून कळलें. गाडींतून उतरवितांना पन्नासांवर कडा गेल्या. उरलेल्यांची भिंत उभी राहिली, पण वैशाखांत खिडकीच्या कोपऱ्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरपी भेग खालीं उतरली. भिंतींत बसल्यावर ठोकळे वाळून आकसले, त्याचा हा परिणाम होता. चूक विकणाराची खरी, पण तारीख न विचारणाऱ्या आमचीही तितकीच.

म्हणून घेतांना तोंड न पाहतां वजन पाहावें. वाळलेला एक ठोकळा तोलावा, चोवीस तास पाण्यांत बुडवून पुन्हां तोलावा. वीस किलोचा ठोकळा बावीस किलोंच्या वर गेला तर तो नाकारावा; मानकाप्रमाणें दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषलें जातां कामा नये. दोन ठोकळे एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज येतो कीं नाहीं हेंही पाहावें, पण ह्या परीक्षेवर एकटीवर भिस्त ठेवूं नये.

गुळगुळीत तोंड कोठें घ्यावें? गोठ्याची आंतली बाजू, दूध ठेवण्याची खोली, धान्याचें कोठार, येथें घ्यावें. गिलाव्याचा खर्च वांचतो, भिंत धुतां येते, चुन्याचा हात थेट मारतां येतो, व किड्यामुंगीस लपण्यास फटी राहत नाहींत. जेथें गिलावा करावयाचाच आहे तेथें गुळगुळीत तोंडासाठीं जादा पैसे मोजणें म्हणजे दुहेरी नुकसान; कारण गुळगुळीत अंगावर गिलावा नीट धरत नाहीं, खरखरीत अंगावर धरतो. बाहेरील पश्चिमेच्या भिंतीस तर गिलावा किंवा रुंद पागोळी ठेवावीच. सांताक्रूझ येथें पावसाळ्यांत सरासरी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. पाणी शिरतें तें बहुधा ठोकळ्यांतून नव्हे, दरजांतून. यास्तव दरजा अर्धवट भरून न ठेवतां थापीनें दाबून घ्याव्या.

रचण्याच्या कामीं गवंड्यावर लक्ष ठेवावें लागतें. विटेची संवय असलेला गवंडी ठोकळेही हौदांत भिजत घालतो. हें सर्वथा बंद करावें, कारण भिजलेला ठोकळा भिंतींत वाळून आकसतो. फार ऊन असेल तर फक्त सांध्याच्या बाजूस पाण्याचा हात लावावा. माल ठोकळ्याहून कडक नसावा. एकास सहा पुरे, चुना मिसळल्यास अधिकच बरें. साच्याचा गाभा निमुळता असल्यामुळें ठोकळ्याचा एक काठ जाड असतो. तो वर ठेवावा, म्हणजे मालास बैठक मिळते. दाराच्या बाजूंस व कोपऱ्यांत पोकळ्या काँक्रीटनें भरून त्यांत सळई सोडावी.

यंत्र स्वतः घ्यावें कीं काय, असा प्रश्न येतो. एका गोठ्यासाठीं घेऊं नये. पण आठ-दहा शेतकऱ्यांनीं, अगर गांवच्या सोसायटीनें, जमिनीवरच ठोकळे ठेवीत पुढें सरकणारें, चाकांवरचें लहान यंत्र घेतलें तर तें परवडण्यासारखें आहे. त्यास फळ्या लागत नाहींत. मात्र पाणसळीनें सपाट केलेला, पक्का, सावलीचा ओटा व गोडें पाणी हवें. काम दिवाळीनंतर आरंभून फाल्गुनापर्यंत ठोकळे पाडून घ्यावे, म्हणजे वाळणीस वेळ मिळून मृगापूर्वीं भिंती उभ्या राहतात. घेण्यापूर्वीं त्याच यंत्रावर पडलेले पांच ठोकळे मोजून पाहावे: उंचींत तीन मिलिमीटरांहून अधिक फरक असेल तर साचा झिजलेला आहे असें समजावें, व आंतले पत्रे बदलून दिल्याशिवाय पैसे देऊं नयेत.