बंडामागचे कारण कोण सांगणार?

तोरणमाळच्या पठारापासून उत्तरेला नर्मदेपर्यंत उतरत जाणाऱ्या सातपुड्याने दोन शतकांत अनेक लढे पाहिले आहेत. ते लढणाऱ्यांनी का पत्करले, याचा शोध कसा घेतला जातो, यावरच त्यांच्या इतिहासावरील माहितीपटाचे मोल ठरते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर भिल्ल नाईकांचे, म्हणजे डोंगरातील वस्त्यांच्या प्रमुखांचे, वाटा राखण्याचे व त्याबद्दल गावांकडून वसुली घेण्याचे जुने हक्क धोक्यात आले आणि उठाव सुरू झाले. ते शमवण्यासाठी १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. पुढे सेंधवा घाटाची सरकारी राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये भीमा नाईकासह बंडात उतरला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत भिल्ल स्त्रियाही उभ्या राहिल्या. या घटनांची तपशीलवार नोंद मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांत आहे. बंडात लुटलेल्या सरकारी खजिन्याची रक्कम तेथे सापडते, परंतु सरकारी चाकरीत वर्षे घालवलेला, तुरुंगवास भोगून पुन्हा कामावर घेतला गेलेला खाज्या नाईक सरकारवर का उलटला, याचे उत्तर त्याच्या तोंडून मिळत नाही. त्या कागदांतील ‘लुटारू’ हा शब्द निवेदनात जसाच्या तसा उचलणारा माहितीपट फिर्यादीची साक्षच निकाल म्हणून पुढे ठेवतो, आणि हा अन्याय गंभीर आहे.

याउलट, आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांच्या ‘नर्मदा डायरी’ (१९९५) या माहितीपटात नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाला विरोध करणारे स्वतःच बोलतात. या धरणाची झळ महाराष्ट्रातील ३३ गावांना बसली. ती अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील असून तोरणमाळही अक्राणीतच येते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीचा सातबारा अनेकांच्या नावावर नव्हता, त्यामुळे सरकारी भाषेत ते अतिक्रमणदार ठरत, तर मोहाची फुले, नदीतले मासे आणि घराला लागणारे लाकूड यांचा हिशेब भरपाईत बसत नव्हता. हे ध्यानात घेतले, की ‘बुडू पण हटणार नाही’ हा विरोधकांचा निर्धार भाबडा हट्ट वाटत नाही.

तरीही एका बाजूची कारणे ऐकून हा इतिहास पुरा होत नाही. विस्थापितांसाठी तळोदा तालुक्यातील वनजमीन मोकळी करण्यात आली, तेव्हा ती आधीपासून कसणारे आदिवासीही विरोधात उभे राहिले. पुढच्या माहितीपटकाराने नदीकाठ सोडून आलेल्या कुटुंबाइतकाच वेळ त्यांनाही द्यायला हवा.