जुने सोडावे, पण बेताने!

घराला रंग काढायचा ठरला की शहाणी गृहिणी आधी आरसे नि कपबश्या हलवते, मग रंगाऱ्याला आत घेते. संगणकातली पॅकेजे, म्हणजे आज्ञावलींची गाठोडी, नवी करतानाही हाच क्रम असावा, असे माझे मत आहे.

आमचा संगणक लिनक्सवर चालतो. त्यातही ‘डेबियन’ घराण्याचा. इयान मर्डॉक या तरुणाने १९९३ साली हा प्रपंच मांडला आणि डेब्रा या मैत्रिणीचे नाव आपल्या नावाला जोडून त्याचे बारसे केले.

“चाललेय ते बदलावे कशाला?” हा सौभाग्यवतींचा सवाल. सवाल रास्त आहे. पण २०१४ च्या एप्रिलात ‘ओपनएसएसएल’ या पॅकेजातले ‘हार्टब्लीड’ हे खिंडार उघडकीस आले. दुरुस्ती लगोलग मिळाली. जे आळसावले त्यांचे दार मात्र उघडेच राहिले. उलट २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’च्या नव्याकोऱ्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतच चोरवाट सापडली! दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, अशी शंका आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आली आणि बिंग फुटले. डेबियनच्या ‘स्थिर’ शाखेत त्या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या. तेव्हा जुन्याला कवटाळू नये आणि नव्यावर झडपही घालू नये.

माझा शिरस्ता सांगतो. प्रथम नक्कल. आमच्या संगणकात वडिलांच्या पत्रांची छायाचित्रे आहेत. पॅकेज शंभरदा मिळेल. ते हस्ताक्षर पुन्हा कुठून आणायचे? म्हणून नक्कल वेगळ्या डिस्कवर करायची आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची.

मग ‘ॲप्ट अपडेट’. याने काहीच बदलत नाही. फक्त भांडाराची ताजी यादी घरी येते. नंतर ‘ॲप्ट अपग्रेड’. हा सालस गडी! वेळप्रसंगी नवे आणील, पण असलेले पॅकेज काढून टाकणार नाही. ‘फुल-अपग्रेड’ मात्र गरज पडल्यास जुन्याला बाहेरची वाट दाखवतो. म्हणून त्याची यादी वाचल्याखेरीज होकार देऊ नये. एखादे पॅकेज जागचे हलायला नको असेल, तर ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने त्याला खुंटीला बांधावे.

आपण हाताने बदललेल्या मांडणीच्या फायलीबद्दल यंत्र मध्येच विचारते, “तुमची ठेवू की नवी घालू?” घाईने उत्तर देऊ नये. दोहोंतला फरक दाखवायची सोय तिथेच असते. वीज जाऊन काम अर्धवट राहिले, तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ म्हणावे. राहिलेली मांडणी ते पुरी करते. नवे कर्नल यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच कामाला लागते. ते नीट चालते याची खात्री होईतो जुने राहू द्यावे.

सबंध आवृत्तीच बदलायची, तर एकेक पायरी चढावी. अकरावरून थेट तेरावर उडी मारू नये; मध्ये बारावर पाय टेकावा. आणि हे काम निवांत सुटीच्या सकाळी करावे, मुलाचा निबंध उद्या द्यायचा असेल त्या रात्री नव्हे!