उधारीचें भाकित : कांहीं पद्धतींची तुलना

पुढें काय होणार हें आधीं कळावें, ही इच्छा मनुष्यस्वभावांत खोल रुजलेली आहे. शेतकरी आकाशाकडे पाहतो, नावाडी वाऱ्याकडे पाहतो, आणि सावकार आपल्या खतावणीकडे पाहतो. मिसर देशांत सात वर्षांच्या सुकाळानंतर सात वर्षांचा दुष्काळ येईल असें योसेफानें फारो राजास सांगितलें आणि त्याप्रमाणें धान्याचीं कोठारें भरून ठेवविलीं, ही कथा आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. योसेफास तें ज्ञान देवाकडून मिळालें होतें. इतरांस मात्र मागील आंकड्यांवरूनच पुढील आंकड्यांचा अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज कोणकोणत्या रीतींनीं बांधतात, आणि त्या रीतींपैकीं अधिक विश्वासार्ह कोणती हें कसें ठरवावें, याचा विचार ग्राहक-कर्जाच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम ग्राहक-कर्ज म्हणजे काय तें पाहूं. मोटार घेण्यासाठीं, शिक्षणासाठीं, अथवा रोजच्या खरेदीसाठीं क्रेडिट कार्डावर कुटुंबें जी उधारी करतात, तिला हें नांव आहे. अमेरिकेंत फेडरल रिझर्व्ह नांवाची जी मध्यवर्ती बँक आहे, तिचें मंडळ अशा येणें रकमेचा आंकडा दरमहा प्रसिद्ध करतें. घर तारण ठेवून काढलेलें कर्ज त्यांत धरीत नाहींत. ही आंकड्यांची माळ १९४३ सालापासूनची आहे. तिचे दोन भाग करतात : एक कार्डावरील फिरतें कर्ज, जें फेडतां येतें व पुन्हां काढतां येतें, आणि दुसरें हप्त्यांनीं फेडावयाचें कर्ज. काळाच्या क्रमानें मांडलेल्या अशा आंकड्यांस कालश्रेणी म्हणतात.

ह्या श्रेणीचें भाकित करण्याची गरज कोणास पडते ? ज्या बँकेनें कर्ज दिलें, तिला बुडणाऱ्या रकमेसाठीं पैसा आधींच बाजूला काढून ठेवावा लागतो. हिशेबाचा जो आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०१८ पासून अंमलांत आला, त्याप्रमाणें तर नुकसान प्रत्यक्ष होण्याची वाट न पाहतां, अपेक्षित नुकसानीचीच तरतूद करावी लागते. भाकित फार काळवंडलेलें निघालें, तर बँक हात आंखडते व गरजू कुटुंबास कर्ज नाकारलें जातें. तें फार उजळ निघालें, तर न झेपणारें कर्ज त्याच कुटुंबाच्या गळ्यांत पडतें. म्हणजे गणित कागदावर चुकलें, तरी त्याचा भुर्दंड कोणाच्या तरी घरांत भरावा लागतो. यासाठीं पद्धतीची निवड ही केवळ पंडितांच्या करमणुकीची बाब नव्हे.

कालश्रेणीकडे नीट पाहिलें असतां तिच्यांत तीन गोष्टी मिसळलेल्या दिसतात. पहिली कल, वर्षानुवर्षें रक्कम सामान्यतः वाढतच जाते. दुसरी ऋतुमान; अमेरिकेंत नाताळच्या खरेदीमुळें डिसेंबर महिन्यांत कार्डावरील कर्ज फुगतें, आणि नव्या वर्षाच्या आरंभींच्या महिन्यांत लोक तें फेडूं लागतात. तिसरी, ह्या दोहोंत न बसणारी अनियमित हालचाल. ऋतुमान ओळखणें सोपें वाटतें, परंतु सर्व सण एकाच महिन्यांत येत नाहींत. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्यें केव्हांही येतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजन २०२२ सालीं २४ ऑक्टोबरास होतें, तर २०२३ सालीं १२ नोव्हेंबरास. म्हणून केवळ महिन्याचें नांव पाहून ऋतुमान ठरविणारा मनुष्य आपल्या देशांत खचित फसेल. सणाची तिथि त्यास गणितांत निराळी घालावी लागते.

आतां पद्धतींकडे वळूं. समजा, एकाद्या पतपेढीचें सभासदांकडील येणें चार महिन्यांच्या अखेरीस अनुक्रमें १००, १०४, १०६ व ११२ लाख रुपये होतें. पांचव्या महिन्याचा आंकडा काय असेल ?

पहिली रीत अगदीं भोळी आहे : जें शेवटीं होतें तेंच पुढें राहील. उत्तर ११२.

दुसरी रीत म्हणते कीं, आजवर सरासरीनें जितकी वाढ झाली तितकीच पुढें होईल. वाढ ४, २ व ६ अशी झाली, सरासरी ४. उत्तर ११६.

तिसरी रीत ओसरत्या भाराच्या सरासरीची. नव्या आंकड्यास अर्धा भार व जुन्या सरासरीस अर्धा भार द्यावयाचा, म्हणजे जुने आंकडे हळूहळू मागें पडत जातात. १०० पासून आरंभ केल्यास सरासरी अनुक्रमें १०२, १०४ व १०८ होते. उत्तर १०८. येथें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत एक गोष्ट येईल. श्रेणी चढती असतां ही सरासरी नेहमीं मागें रेंगाळते. तो दोष घालविण्यासाठीं चार्ल्स होल्ट यांनीं १९५७ सालीं सरासरीबरोबर कलाचाही हिशेब ठेवण्याची युक्ति सांगितली, आणि १९६० सालीं पीटर विंटर्स यांनीं तिच्यांतील ऋतुमानाचा भाग प्रसिद्ध केला. आजही होल्ट-विंटर्स ह्या जोडनांवानें ती पद्धति चालते.

चवथी रीत अधिक खोल आहे. उड्नी यूल यांनीं १९२७ सालीं सूर्यावरील डागांच्या संख्येचा अभ्यास करतांना असें मांडलें कीं, श्रेणीचा आजचा आंकडा तिच्याच मागील आंकड्यांवर अवलंबून असतो. ह्या विचारास पुष्कळ भर घालून जॉर्ज बॉक्स व ग्विलिम जेन्किन्स यांनीं १९७० सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यांच्या रीतींत आधीं लागोपाठच्या आंकड्यांमधील फरक काढतात. मग ह्या महिन्याच्या वाढीचा मागील महिन्यांच्या वाढीशीं व मागील चुकांशीं काय संबंध आहे तो शोधतात. पांचवी रीत शिकणाऱ्या यंत्रांची. हीं यंत्रें नियम आधीं न मानतां, पुष्कळ उदाहरणांवरून स्वतःच नियम बसवितात.

वरील उदाहरणांत पांचव्या महिन्याचा खरा आंकडा ११५ निघाला असें धरूं. मग पहिल्या रीतीची चूक ३, दुसरीची १ व तिसरीची ७ झाली. परंतु एवढ्यावरून दुसरी रीत श्रेष्ठ असा निकाल देणें म्हणजे एका सामन्यावरून खेळाडूची योग्यता ठरविण्यासारखें आहे. परीक्षा अनेक महिन्यांची व्हावयास पाहिजे. तिचा नियम असा कीं, जे आंकडे पाहून सूत्र बसविलें, त्याच आंकड्यांवर त्याची परीक्षा घेऊं नये. उत्तरें पाठ केलेल्या मुलास तेच प्रश्न विचारल्यास तो उत्तीर्ण होणारच. म्हणून श्रेणीचा शेवटचा भाग झांकून ठेवावा, त्याचें भाकित करावें, मग एक महिना उघडून पुन्हां पुढचें भाकित करावें, आणि सर्व चुकांची सरासरी काढावी. आणखी एक सावधगिरी : अमेरिकेंतील ह्या आंकड्यांची मागाहून दुरुस्ती होत असते. त्या दिवशीं जो आंकडा लोकांच्या हातीं होता तोच परीक्षेंत वापरावा. मागाहून सुधारलेला वापरल्यास परीक्षा खोटी होते.

अशा परीक्षा मोठ्या प्रमाणावर घेण्याचें श्रेय स्पायरोस मक्रिडाकिस ह्या ग्रीक विद्वानास आहे. १९८२ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १,००१ श्रेणींवर निरनिराळ्या पद्धतींची शर्यत लाविली. गुंतागुंतीच्या पद्धति साध्या पद्धतींहून अधिक अचूक असतातच असें नाहीं, हा तिचा निष्कर्ष पुष्कळ पंडितांस रुचला नाहीं. २०१८ सालच्या शर्यतींत १,००,००० श्रेणी होत्या. तींत केवळ यंत्रशिक्षणावर उभारलेल्या पद्धति मागें पडल्या. पहिला क्रमांक मिळविणाऱ्या स्लावेक स्मिल यांच्या पद्धतींत ओसरत्या भाराची जुनी सरासरी व नवें शिकणारें यंत्र यांचा संयोग होता. आणि सर्वांत अचूक अशा १७ पद्धतींपैकीं १२ ह्या अनेक पद्धतींचीं उत्तरें एकत्र करणाऱ्या होत्या. दोन भाकितांची योग्य सरासरी पुष्कळदां दोहोंहून सरस ठरते, हें बेट्स व ग्रेंजर यांनीं १९६९ सालींच दाखविलें होतें. याच्या उलट, २०२० सालच्या शर्यतींत एका मोठ्या दुकान-संस्थेच्या ४२,८४० श्रेणी दिल्या असतां यंत्रशिक्षणाचीच सरशी झाली. कारण एकमेकींशीं नातें असलेल्या इतक्या श्रेणींपासून यंत्रास शिकण्यासारखें पुष्कळ होतें.

ह्यावरून ग्राहक-कर्जापुरतें तारतम्य सांगतां येतें. संबंध देशाच्या कर्जाची एकच मासिक श्रेणी असेल, तर तिच्यांत कांहीं शेंकडे आंकडेच असतात. तेथें होल्ट-विंटर्स, बॉक्स-जेन्किन्स, व त्या दोहोंची सरासरी, ह्या मार्गांनीं जाणें इष्ट. हजारों शाखा व लक्षावधि खातीं यांचे आंकडे हातीं असतील, तर शिकणाऱ्या यंत्रास अवश्य संधि द्यावी. पण कोणतीही पद्धति असो, ती भोळ्या रीतीस हरविते कीं नाहीं हें आधीं पाहावें. जी पद्धति भोळ्या रीतीपेक्षां अधिक चुकते, तिच्या पांडित्याचा काय उपयोग ?

तथापि सर्व पद्धतींस समान असा एक दोष आहे. उद्यांचा दिवस कालच्या दिवसासारखा असेल असें त्या गृहीत धरतात. १४ मार्च १९८० रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनीं कर्जावर निर्बंध जाहीर केले आणि लोकांनीं इतका हात आंखडला कीं ग्राहक-कर्ज उतरूं लागलें. त्याच वर्षाच्या जुलैंत ते निर्बंध उठवावे लागले. २०२० सालीं महामारी आली. दुकानें बंद झालीं, सरकारनें कुटुंबांस रोख साह्य दिलें, आणि लोकांनीं त्या पैशानें कार्डांचें देणें फेडलें. फिरतें कर्ज सुमारें १,१०० अब्ज डॉलरांवरून वर्षअखेर १,००० अब्जांच्या खालीं गेलें. बेकारी वाढली म्हणजे कर्जें बुडतात ह्या जुन्या अनुभवावरून मोठ्या बँकांनीं बुडीत कर्जांसाठीं अब्जावधि डॉलर बाजूला काढले होते. तें संकट त्या प्रमाणांत आलें नाहीं, आणि २०२१ सालीं त्यांनीं त्यांतील पुष्कळ रक्कम परत मोकळी केली. मध्यंतरीं कर्ज देण्याच्या अटी कडक झाल्या होत्या, आणि त्या दिवसांत ज्यांचा अर्ज फेटाळला गेला त्यांची अडचण मागाहून झालेल्या दुरुस्तीनें भरून निघाली नाहीं. आपल्या देशांतही रिझर्व्ह बँकेनें १६ नोव्हेंबर २०२३ रोजीं बँकांच्या ग्राहक-कर्जावरील जोखीम-भार १०० वरून १२५ टक्के केला. घर, शिक्षण, वाहन व सोनें-तारण हीं कर्जें त्यांतून वगळलीं होतीं. त्यानंतर विनातारण कर्जाच्या वाढीचा वेग मंदावला. असा हुकूम निघणार आहे, हें मागील आंकड्यांची कितीही बारकाईनें छाननी केली तरी कोणास कळलें नसतें.

म्हणून प्रामाणिक भाकित एकच आंकडा सांगून थांबत नाहीं. तें म्हणतें, "रक्कम बहुधा ११४ च्या आसपास राहील, परंतु ११० पर्यंत उतरूं शकेल किंवा ११८ पर्यंत चढूं शकेल." जितकें दूरचें भाकित, तितकी ही मर्यादा रुंद ठेवावी लागते. अशी मर्यादा न सांगणारा मनुष्य आपणास नसलेलें ज्ञान आहे असें भासवितो. याकोबाच्या पत्रांत उद्यांविषयीं फुशारकीनें बोलणाऱ्या व्यापाऱ्यांस जी ताकीद दिली आहे, ती आंकडेशास्त्रज्ञासही लागू पडते.

ह्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्यांपैकीं कित्येक पुढें बँकांत व पेढ्यांत काम करतील. त्यांस इतकेंच सांगावयाचें आहे कीं, प्रत्येक भाकित तारखेसह लिहून ठेवावें, खरा आंकडा आला म्हणजे त्याच्या शेजारीं मांडावा, आणि चूक किती झाली तें न लपवितां नोंदवावें. आणि आंकड्यांच्या रांगेकडे पाहतांना, त्यांतील प्रत्येक रुपया कोणत्या तरी कुटुंबानें फेडावयाचा आहे, याची आठवण ठेवावी. ज्यास ही आठवण राहते, तो अधिक काळजीनें गणित करतो.