रेल्वे आरक्षणाची संगणकीय रांग

गणेशोत्सवासाठी कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण खुले होताच काही मिनिटांत प्रतीक्षायादी सुरू होते. अशा वेळी सारा दोष संगणकाच्या माथी मारण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. वास्तविक संगणक एकही शायिका नव्याने निर्माण करीत नाही, की नाहीशीही करीत नाही. तो केवळ रांग सांभाळतो. ही रांग कशी चालते, हे प्रवाशांस ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नोंदवहीचा काळ

पूर्वी प्रत्येक गाडीची नोंदवही स्वतंत्र असे. ती वही ज्या खिडकीवर, तेथेच त्या गाडीचे आरक्षण मिळे. परतीच्या प्रवासासाठी तार पाठवून जागा मागवावी लागे. एका स्थानकाच्या कोट्यातील जागा रिकामी राहिली, तरी दुसऱ्या स्थानकावरील गरजूला ती सहसा कळत नसे.

१९८५ मध्ये नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षणास प्रारंभ झाला. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली. रेल्वे माहिती प्रणाली केंद्राची, म्हणजेच 'क्रिस'ची, स्थापना १९८६ मध्ये झाली. आरंभी ही केंद्रे परस्परांपासून अलग होती. १९९९ मध्ये पाचही केंद्रे एका जाळ्यात जोडली गेली आणि कोणत्याही खिडकीवरून देशातील कोणत्याही दोन स्थानकांमधील प्रवासाचे आरक्षण शक्य झाले. २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकिटांची विक्री सुरू झाली.

रांगेचे नियम

दोन खिडक्यांवरून एकाच वेळी एकाच शायिकेची मागणी आली, तर संगणक आधी पोहोचलेली मागणी हाती घेतो आणि ती पूर्ण होईपर्यंत त्या नोंदीला जणू कुलूप लावतो. त्यामुळे एक जागा दोघांस दिली जात नाही. प्रत्येक तिकिटास दहा अंकी पीएनआर क्रमांक मिळतो व त्यावरून आपली स्थिती केव्हाही पाहता येते.

जागा संपल्यावर 'आरएसी' तिकिटे दिली जातात. त्यांत एका शायिकेवर दोघांस बसण्याची जागा मिळते. कोणी तिकीट रद्द केल्यास शायिकाही मिळू शकते. त्यानंतर प्रतीक्षायादी सुरू होते. मात्र ही यादी एकच नसते. गाडीच्या आरंभस्थानकाकडील प्रवाशांची सर्वसाधारण यादी वेगळी आणि मधल्या ठरावीक स्थानकांची यादी वेगळी. मधल्या स्थानकांचा कोटा लहान असल्याने तेथील पाचवा क्रमांकही कधी कधी पुढे सरकत नाही.

प्रतीक्षायादीतील तिकिटाबाबत आणखी एक भेद लक्षात ठेवावा. इंटरनेटवर काढलेले तिकीट अंतिम तक्ता तयार होईपर्यंत प्रतीक्षायादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात परत येतात. खिडकीवरील तिकीट मात्र प्रवाशाने स्वतः विहित मुदतीत रद्द करून घ्यावे लागते. या अज्ञानापायी अनेकांचे पैसे बुडतात.

गावाची जबाबदारी

संगणकाने सर्व खिडक्या समान केल्या, पण खिडकीपर्यंत पोहोचण्याची संधी समान केली नाही. ज्याच्या हाती वेगवान इंटरनेट आहे, तो घरबसल्या पुढे जातो. ज्याला तालुक्याच्या गावी जावे लागते, तो मागे राहतो. या अडचणीचाच दलाल लाभ घेतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ अन्वये तिकिटांचा अनधिकृत व्यवसाय हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्यात आली. सण, परीक्षा वा शस्त्रक्रियेसाठीच्या प्रवासाची तारीख कळताच हा दिवस मोजून ठेवावा. काही टपाल कार्यालयांतही आरक्षणाची सोय आहे. जवळची खिडकी कोठे आहे, ती केव्हा उघडते आणि अर्ज कसा भरावा, एवढी माहिती शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तरी गावातील अनेकांना दलालाची पायरी चढावी लागणार नाही.