अंबाजोगाईची शाळा हेच स्मारक

महाराष्ट्रात सरकारी झेंडावंदन वर्षातून तीनदा होतं, मराठवाड्यात चारदा. चौथं 17 सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं. त्या सकाळी बीड जिल्ह्यातही हुतात्म्यांना पुष्पचक्र वाहतात, पोलिसांची तुकडी मानवंदना देते, भाषणं होतात. सत्काराला येणारे स्वातंत्र्यसैनिक वर्षागणिक कमी होत गेले. जुन्या पिढीतली माणसं आपला जन्म मात्र ‘पोलिस ॲक्शनच्या आधी’ की ‘नंतर’ यावरच सांगत.

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधायचं ठरलं. बांधली गेली, आणि पुढे त्यांतली बरीच कुलूपबंद झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं बीडमधलं खरं स्मारक पाहायचं असेल, तर मी माणसाला अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात पाठवीन.

निजामाच्या अमलात या गावाचं नाव मोमिनाबाद. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची इथे छावणी होती. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्यांचं हे गाव. इथल्या शाळेत 1935च्या सुमारास हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून एक संन्यासी शिक्षक आले, स्वामी रामानंद तीर्थ. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. तरुणपणी ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत राबलेले, पुढे संन्यास घेतलेले. बाबासाहेब परांजपे त्यांचे सहकारी.

त्या काळी खाजगी शाळा चालवणं हेच धाडस होतं. ‘गश्ती निशान 53’ या फर्मानामुळे साधी सभा भरवायलाही परवानगी लागे. वरच्या शिक्षणाची आणि न्यायालयाची भाषा उर्दू. पक्ष काढता येत नाही, सभा घेता येत नाही, अशा राज्यात माणसं एकत्र येण्याची जागा उरते ती शाळा, वाचनालय, नाहीतर गणेशोत्सव. निजामाच्या पोलिसांना हे कळत नव्हतं असं नाही. शिकवणाऱ्यांवर नजर असे.

1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि वर्ग सोडून स्वामीजी सत्याग्रहात उतरले. शाळा मात्र चालू राहिली. मला त्यातली हीच गोष्ट मोठी वाटते.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. 15 ऑगस्ट 1947ला देश स्वतंत्र झाला तरी हैदराबाद संस्थान आणि त्यातले मराठवाड्याचे पाच जिल्हे आणखी तेरा महिने पारतंत्र्यात राहिले. रझाकारांचा नेता कासीम रझवी लातूरचा वकील. सरहद्दीपलीकडच्या भारतीय मुलखातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पांतून करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले, शिंदीची झाडं तोडली गेली; रझाकारांनी गावोगाव माणसं मारली. 13 सप्टेंबर 1948ला भारतीय लष्कर संस्थानात घुसलं, हीच ती ‘पोलिस ॲक्शन’; 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजी तुरुंगातून सुटले.

1952च्या पहिल्या निवडणुकीत परांजपे बीडमधून लोकसभेवर गेले. 1967 साली याच बीडने पत्रीसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील निवडून दिले. चळवळीतल्या माणसाला मत द्यायची सवय जिल्ह्याला बरीच वर्षं होती, नंतर ती मोडली. स्वामीजी 22 जानेवारी 1972 रोजी गेले. समाधी हैदराबादला बेगमपेठेत आहे. पण अंबाजोगाईत 1970च्या दशकात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं, त्याला त्यांचं नाव मिळालं. परळी, केज, धारूरकडचा माणूस आजारी पडला की ‘स्वाराती’ला नेतात. ते कुणाचं नाव, हे केसपेपरच्या रांगेत कुणी विचारत नाही. न विचारो, खाटा आणि डॉक्टर आहेत ना.

हुतात्मा स्मारकांबद्दल माझी एक तक्रार आहे. पोलिस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. तो अहवाल कित्येक दशकं दडपलेला राहिला. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान 5 हजार माणसं गेली, असा समितीचा अंदाज. रझाकारांनी मारलेल्यांची नावं दगडावर कोरली गेली, ती कोरायलाच हवी होती. या दुसऱ्या मृतांचा उल्लेख 17 सप्टेंबरच्या भाषणांत क्वचितच येतो. रझाकारांच्या क्रौर्याचा सूड म्हणून ते झालं, असं सांगून माणसं विषय बदलतात. हुतात्म्यांच्या स्मारकात त्या अहवालाला जागा मिळणं अवघड आहे, हे मी समजू शकतो. शाळेच्या ग्रंथालयात मिळायला हरकत नसावी. नववी-दहावीच्या मुलांच्या हाती स्वामीजींच्या चरित्राबरोबर तोही दिला, तर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देताना शिक्षकांची तारांबळ उडेल. उडू दे.